जानू हरी ठोंबरे (बातमीदार)

जानू हरी ठोंबरे बोलताना हवेत कंस काढी. आधी डाव्या हाताची बोटं वाकवून एक, मग उजव्या हाताची वाकवून दुसरा, आणि मधल्या मोकळ्या जागेत हनुवटी किंचित पुढे करून एक शब्द टाकी : पैलवान, रिक्षावाले किंवा बुवा. नवख्या माणसाला वाटे, हा गृहस्थ डास मारतो आहे. ओळखीचे लोक मात्र दुसरा हात वर जाईपर्यंत थांबत, कारण तोवर कुणाबद्दल बोलणं चाललं आहे हे कळायला मार्ग नसे.

एकोणीसशे तिसाच्या आधीची पाच-सहा वर्षं तो आमच्या साप्ताहिकाचा कर्जतचा बातमीदार होता. साप्ताहिक गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर निघे. मी तिथे उपसंपादक होतो, म्हणजे गावोगावच्या बातमीदारांनी पाठवलेला मजकूर कापून अर्ध्यावर आणणं हे माझं काम होतं. बातमीदारी हा जानूचा पोटाचा धंदा नव्हता. कर्जतच्या एका भाताच्या गिरणीत तो काट्यावर पोती तोलायचा. तोलताना काटा थरथरायचा थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा त्याचा नियम होता. मालकाने हाक मारली तरी हाच नियम. एकदा गिरणीच्या छपराला आग लागल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं, तेव्हा जानूने काटा स्थिर होऊ दिला, वजन पुकारलं, आणि मगच बादली उचलली. आग विझल्यावर त्याने पाठवलेल्या बातमीत शेवटचं वाक्य असं होतं : 'बादल्या एकूण एकवीस लागल्या, त्यांपैकी एक रिकामी आली होती.'

हे असं लिहिणारा माणूस बातमीदारांत विरळा. बाकीचे लोक गर्दी पाहिली की 'हजारोंचा समुदाय' लिहीत. जानू मोजायचा.

त्याला कंसांची गरज का पडली, ते सांगायला ठोंबरेवाडीत जावं लागतं. कर्जत स्टेशनावर उतरून नदी ओलांडली की अर्ध्या तासाच्या वाटेवर ही वाडी. चाळीसेक घरं, सगळी एका भावकीची. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, ही रीत तिथे कुणी मोडली नव्हती. त्यामुळे प्रत्येक हरीच्या घरी जानू आणि प्रत्येक जानूच्या घरी हरी, अशी पाळी कितीतरी पिढ्या चालू होती. मी सांगतो त्या काळात वाडीत जानू हरी ठोंबरे या नावाचे, साधारण एका वयाचे, चार पुरुष होते. एकमेकांना ते नावाने हाक मारत नसत. स्वतःचंच नाव घेऊन दुसऱ्याला काय हाक मारायची! ते नुसतं 'नावा' म्हणत. 'ये रं नावा, च्या घे.' 'नावा, तुजा बैल माज्या वावरात हाय.'

चौघांपैकी तिघांचं नाव झालं होतं. एक जानू पैलवान होता. तालुक्यातल्या जत्रांतून तो कुस्त्या मारत फिरे. अंगाने एवढा, की गिरणीच्या काट्यावर त्याला तोलायला एक पोतं भात आणि वर दोन पायल्या लागत. ही नोंद अर्थात आमच्या बातमीदाराची. स्वभावाने तो इतका भिडस्त होता, की चष्मा लावलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं त्याला जमत नसे. दुसरा जानू माथेरानला हातरिक्षा ओढायचा, आणि पुढच्या दांड्याला तो असला की मागचे दोघे नुसते लोंबकळत येत. नेरळहून निघालेल्या छोट्या गाडीशी शर्यत लावून पायवाटेने तो तिच्याआधी माथेरानला पोचला होता, आणि त्या दिवसापासून हरलेल्या गाडीत बसायचं नाही अशी त्याने शपथ घेतली होती. तिसरा जानू भजनी बुवा. तो वाडीत गायला लागला की नदीपलीकडे कर्जतात ऐकू जाई, आणि कुजबुजला की अलीकडच्या काठापर्यंत.

चौथा आमचा. वाडीत कुणी विचारलं, 'कोनचा जानू?' तर लोक सांगत, 'पैलवान नाय, रिक्षावाला नाय, बुवा नाय. उरलेला.' त्याला हाक मारायचीही तशीच. 'उरलेल्या, हिकडं ये.' तो जाई. त्याने कधी राग धरल्याचं मी ऐकलं नाही. पण बाकीच्या तिघांची नावं पत्रात पुरवताना त्याच्या अक्षराला जे वळण येई, ते आगीच्या किंवा बाजारभावाच्या बातमीत दिसत नसे. प्रत्येक नावापुढे तो कंस काढी, आत शब्द लिही आणि कंसाची टोकं पुन्हा एकदा गिरवी.

ते कंस मी कापत असे.

आमच्या कचेरीत संपादकांच्या खुर्चीमागे एक पाटी होती : 'नावापुढे शेपूट नको.' बातमीदार आपापल्या गावच्या वजनदार मंडळींच्या नावापुढे दानशूर, लोकप्रिय, कर्तव्यतत्पर असं काहीबाही लावून पाठवत. त्यावरचा हा उपाय. मी नवा होतो आणि पाटीचा मजकूर मला पाठ होता. जानूच्या पहिल्याच बातमीपत्रातली सगळी शेपटं मी एका बैठकीत छाटली. ती माणसं वेगवेगळी असतील, अशी शंकाही मला आली नाही. परिणामी एका अंकात, एका स्तंभात, एकाखाली एक अशा तीन बातम्या छापून आल्या. रविवारी जानू हरी ठोंबरे यांनी खालापूरच्या मल्लाला चीत केले. रविवारी जानू हरी ठोंबरे यांनी माथेरानच्या गाडीला मागे टाकले. मात्र एका प्रवाशाची टोपी उडाल्याने गाडी तीन मिनिटे थांबली होती, हे नमूद केले पाहिजे. रविवारी जानू हरी ठोंबरे यांचे भजन सकाळपासून दिवे लागेपर्यंत झाले.

पुढच्याच आठवड्यात कर्जतहून कार्ड आलं. 'गेल्या अंकात तीन कंस पडले. कृपया उचलावे.' मी ते छापखान्यात फोरमनकडे पाठवलं. रामभाऊ फोरमन चष्मा कपाळावर चढवून आले.

"कंस पडले? कुठे पडले? माझे सगळे कंस खिळ्यांच्या खणात आहेत. मोजून दाखवू?"

त्यांनी खरोखर मोजून दाखवले. पुढे दर आठवड्याला एक कार्ड येई आणि दर आठवड्याला रामभाऊ कंस मोजत. हा प्रकार वर्षभर चालला.

दरम्यान मुंबईत जानू हरी ठोंबरे हे नाव गाजायला लागलं. सकाळी कुस्ती, दुपारी डोंगर, संध्याकाळी भजन, आणि हे महिन्यातून दोन-तीनदा! परळच्या एका आखाड्याने पत्र पाठवून त्यांचा खुराक विचारला. एका गृहस्थांनी ठोंबऱ्यांचं लग्न झालं आहे का, अशी चौकशी केली आणि सोबत मुलीची पत्रिका जोडली. एका वाचकाचं म्हणणं होतं की असा माणूस दूध नक्कीच पीत असणार, पण गायीचं की म्हशीचं, ते पत्राने जाहीर करावं. संपादक हरखून गेले. त्यांनी तरुणांच्या शरीरप्रकृतीवर अग्रलेख लिहिला, त्यात ठोंबऱ्यांचं नाव सहा वेळा घेतलं, आणि या अष्टपैलू पुरुषाला पत्रातर्फे रुप्याचं पदक द्यायचं ठरवून ते घडवूनही आणलं. पदकावर कोरलं होतं : 'जानू हरी ठोंबरे'. शेपूट अर्थातच नव्हतं.

पदक टेबलावर असतानाच खालापूरहून पत्र आलं. लिहिणारे तिथल्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ होते, आणि चीत झालेला मल्ल त्यांचा भाचा होता. पत्र चार ओळींचं होतं. आपल्या पत्राच्या कर्जतच्या बातमीदाराचं नाव आपणास ठाऊक आहे काय? नसल्यास कळवतो. जानू हरी ठोंबरे.

जानू आपल्या मजकुराखाली 'आपला बातमीदार' एवढंच लिहीत असे. त्याचं नाव कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं.

संपादकांनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, हा माणूस स्वतःलाच ओवाळून घेतोय, आणि निरांजन आपण धरलंय!"

येत्या रविवारी कर्जतला मैदानी खेळ होते. पदक द्यायला संपादक तिकडे जाणारच होते. आता त्यांनी खिशात दोन कागद ठेवले. एक मानपत्र. दुसरा खुलासा : सदर बातमीदाराने खोट्या बातम्या पुरवल्याने त्यास दूर केले असून त्याचे नाव अमुक. हा खुलासा पहिल्या पानावर चौकटीत जाणार होता. मला एक दिवस आधी चौकशीला पाठवलं.

गिरणीत पोचलो तेव्हा जानू काट्यावर होता. बुटका, वाटोळा, भाताच्या तुसाने भुवया पांढऱ्या झालेला. मी खालापूरच्या पत्राचं सगळं सांगून टाकलं. काटा हलत होता, म्हणून तो गप्प होता. काटा थांबला. त्याने वजन पुकारलं आणि माझ्याकडे वळला.

"शेपूट तुमी कापलंत, आन् माकड मला म्हनताय व्हय?"

"म्हणजे ते तिघे वेगळे, आणि तुम्ही चौथे?"

"चौघं." त्याने बोटं दाखवली. "चार मानसं तुमी एका पारड्यात टाकलीत, सायब. मी दर आठवड्याला कारड टाकतोय, कंस पडले, कंस पडले. कुनी वाचतंय का नाय तिकडं?"

वाचतात आणि मोजतात, हे मी त्याला सांगितलं नाही. संपादकांच्या खिशातल्या दुसऱ्या कागदाबद्दल सांगितलं. तो पोत्यावर बसला.

"खोटारडा म्हनून छापनार? पयल्या पानावर?"

"हो."

"पुरं नाव?"

"पूर्ण नाव."

"आन् कंस?"

"संपादक कंस घालत नाहीत."

तो बराच वेळ काट्याकडे पाहत राहिला. काटा स्थिर होता, तरी.

"मंग चौघंबी खोटारडे व्हतील," तो म्हणाला. "पैलवानाला जत्रंत कोन उतरू देईल? बुवाच्या भजनाला कोन बसंल? माजं सोडा. मी उरलेला. पन त्यांनी काय केलंय?"

मग उठून त्याने अंगावरचं तूस झटकलं. "उद्या चौघांना एका रेघंत उभं करतो. मोजून घ्या."

रविवारी मैदानावर तुसाच्या रेघा मारलेल्या होत्या. चुना आणायचा कशाला, गिरणीत तूस फुकट होतं. फक्त वारा आला की शर्यतीची हद्द दोन हात सरके. पंच म्हणून शाळेचे हेडमास्तर होते, हातात पत्र्याचा कर्णा घेऊन. सकाळी कुस्त्या झाल्या, पैलवानाने आपली कुस्ती घेतली आणि मातीने माखलेला तसाच तो संपादकांशेजारी येऊन बसला. खुर्चीने आवाज केला.

"आपण जानू हरी ठोंबरे?" संपादकांनी चष्मा सारखा केला.

"व्हय जी."

"माथेरानच्या गाडीला मागं टाकणारेही आपणच?"

पैलवानाने चष्म्याकडे पाहिलं. "टाकलं असंल," तो म्हणाला.

"आणि भजन?"

"म्हनतो की थोडं."

आमच्या बातमीदाराने दोन्ही हात डोक्याला लावले. एवढ्यात बुवा आला. त्याला पाहून मला हायसं वाटलं. हा एक शब्द बोलला असता तरी काम झालं असतं. पण सात दिवसांच्या सप्त्यात त्याचा गळा पार बसला होता. त्याने तोंड उघडलं, ओठ हलवले आणि हात जोडले.

"हे कोण?" संपादकांनी विचारलं.

"ह्यो माजं नाव," पैलवान म्हणाला.

"तुमचं नाव मला समजलं. यांचं?"

"त्येच सांगतोय सायब. ह्यो माजं नाव."

संपादक माझ्याकडे वळले. "पढवून आणलेले लोक आहेत. कुणालाही धरून जानू म्हणवता येईल. आता एकच. हा मल्ल इथे माझ्या शेजारी बसून राहील, आणि तो गाडीला हरवणारा ठोंबरे मला तिथे पळताना दिसला पाहिजे. दिसला तर मी मानीन."

धावण्याची शर्यत पुढचीच होती, मैदानाला सहा फेऱ्यांची. अर्जात नाव होतं. पण रिक्षावाल्याचा पत्ता नव्हता. सकाळी एका वजनदार पाहुण्याने त्याला सूर्योदय पाहायला नेलं होतं आणि सूर्य वर आला तरी पाहुणा उठायला तयार नव्हता, हे नंतर कळलं. हेडमास्तरांनी कर्णा तोंडाला लावला.

"जानू हरी ठोंबरे! हजर आहे का?"

कुणी उठलं नाही. पैलवान उठायला लागला, त्याला मी धरून बसवलं.

"जानू हरी ठोंबरे! दुसऱ्यांदा!"

संपादकांचा हात खिशाकडे गेला. दुसऱ्या कागदाच्या खिशाकडे.

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं..."

"हाय!" माझ्या कानाजवळ आवाज झाला. आमच्या बातमीदाराने कोट काढून माझ्या हातात दिला, टोपी कोटावर ठेवली, धोतराचा काचा मारला आणि तुसाच्या रेघेकडे निघाला.

"अहो, तुम्ही?" मी म्हणालो.

"नाव तर माजंबी त्येच हाय!"

हेडमास्तरांनी त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं. बापाचं विचारलं, तेही जुळलं. नियमाप्रमाणे हरकत नव्हती.

शर्यत सुटली. पहिल्या वळणापर्यंत जानू सगळ्यांच्या मागे होता. दुसऱ्या फेरीत तो तसाच मागे होता, फक्त अंतर वाढलं होतं. तिसऱ्या फेरीत पुढचे लोक त्याला मागून येऊन गाठायला लागले. पळताना तो आपल्या फेऱ्या मोठ्याने मोजत होता. लोक उभे राहून ओरडत होते, 'उरलेल्या, पळ रं!' आणि एक शेळी काही अंतर त्याच्या पुढे पुढे चालत गेली.

"हा?" संपादक म्हणाले. "हा गाडीला हरवतो?"

पैलवान मान खाली घालून बसला होता. बुवाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गळ्यात आवाज नव्हता.

तेवढ्यात नेरळच्या बाजूने मैदानात एक माणूस घुसला. उंच, काटकुळा, अंगावर रिक्षावाल्याचा अंगरखा, आणि पळत. माथेरान उतरून, नेरळ आणि भिवपुरी मागे टाकून तो सबंध वाट पळतच आला होता, कारण गाडीत बसायचं नाही ही शपथ, आणि ती तो मोठ्या गाडीलाही लावत असे. समोर शर्यत चाललेली पाहून तो थांबला नाही. त्याला थांबायचं सुचलंच नसावं. तो तसाच तुसाच्या रेघेत शिरला आणि एकेकाला मागे टाकत सुटला.

"नावा, सरक!" आमच्या बातमीदाराला ओलांडताना तो ओरडला.

"नावा, तुजी पयली!" बातमीदार धापा टाकत ओरडला. "माजी चौथी!"

मैदान वेडं झालं. सगळे 'जानू, जानू' करत होते. पैलवान खुर्चीसकट उभा राहिला, कारण खुर्ची त्याला अडकली होती. संपादकही उठले आणि त्यांच्या तोंडून गेलं, "शाब्बास जानू!"

त्यांच्या पायाशी एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकत बसली होती. तिने मान वर केली. "कोनच्या जानूला म्हनता वं? म्होरल्या का मागल्या?"

"म्हणजे?"

"म्होरला रिक्षावाला. मागला उरलेला. तुमच्या शेजारी त्यो पैलवान, आन् त्यो रडतोय त्यो बुवा." तिने शेंगांचा द्रोण पुढे केला. "कुठलं तुमी?"

संपादक खाली बसले. खिशातला दुसरा कागद काढून त्यांनी त्याचे चार तुकडे केले आणि एकात शेंगांची टरफलं ठेवायला सुरुवात केली.

रिक्षावाला रेघेपाशी सर्वांच्या आधी पोचला. हेडमास्तरांनी कर्णा उचलला आणि निकाल दिला : अर्जात जानू हरी ठोंबरे एक, म्हणून शर्यतीतही एकच, मधूनच आलेले बाद, पहिला नंबर रेल्वेच्या एका गँगमनचा, बाकी नंबर यथाक्रम, जानू हरी ठोंबरे शेवटचे. शेवटचे जानू हरी ठोंबरे त्या वेळी पाचव्या फेरीत होते. ते सहावी पुरी करेपर्यंत निकालाच्या पुढचं काहीही सुरू करता आलं नाही. लोक थांबले. तो आला, रेघेवर पाय ठेवला, 'सहा' म्हणाला आणि तुसात बसला.

पदक एक आणि पुरुष चार, असा प्रश्न उरला. अष्टपैलू ठोंबरे अस्तित्वात नव्हते आणि नाव तर चौघांनाही लागू पडत होतं. शेवटी वाडीनेच तोड काढली. पदक दर तीन महिन्यांनी घर बदलेल. आमच्या बातमीदाराने आपली पाळी नको म्हटलं. "म्या काय केलंय?"

"नाव तुजंबी हाय की," पैलवान म्हणाला. चष्मा नसलेल्या माणसाशी तो ठामपणे बोलू शके.

जानूने पदक घेतलं, आधी गिरणीत नेऊन छोट्या तराजूत तोललं आणि मगच गळ्यात घातलं. वजन त्याने मला कार्डाने कळवलं. दोरी धरून एक, दोरीशिवाय एक.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघायच्या आधी त्याने खेळांची बातमी लिहून माझ्या हातात दिली. रिक्षावाला त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होता आणि बेचैन होता.

"नावा, शेवटचा आला आसं नको लिवू. माथेरानला सायेब लोकांना वाटंल मीच. माज्या रिक्षात कोन बसंल?"

"जे झालं त्ये लिवलंय."

"मंग कोन शेवटला, त्येबी लिव ना!"

जानू थांबला. इतकी वर्षं त्याने तिघांसाठी कंस काढले होते. स्वतःसाठी काढायची वेळ आली नव्हती, कारण त्याच्याबद्दल बातमी नव्हती. त्याने पेन्सिल ओली केली, डावा कंस काढला आणि त्याच्यापुढे बराच वेळ पेन्सिल तशीच धरून ठेवली. 'तोलणारे' लिहावं का, असं त्याने मला विचारलं. मग स्वतःच मान हलवली. 'उरलेले' असं रिक्षावाल्याने सुचवलं, चांगल्या मनाने. जानूने लिहिलं, कंस मिटला आणि दोन्ही टोकं गिरवली.

ते वाक्य मी गाडीत संपादकांना दाखवलं. 'धावण्याच्या शर्यतीत जानू हरी ठोंबरे (बातमीदार) हे शेवटचे आले. शेळी त्यांच्या पुढे होती, पण तिचा अर्ज नव्हता.' संपादक कल्याण येईपर्यंत हसत होते. कल्याणला म्हणाले, "कर्जतपुरतं शेपूट ठेवा." रामभाऊंनी कंस मोजून दिले.

अंक वाडीत पोचल्यावर लोकांनी ते वाक्य एकमेकांना वाचून दाखवलं, आणि त्यानंतर 'उरलेला' ही हाक बंद झाली. छापून आलं होतं. पुढे वाडीत कुणी विचारलं, 'कोनचा जानू?' तर उत्तर येई, 'त्यो बातमीदार. शेवटला आला त्यो.' हे सांगताना लोकांच्या आवाजात जो रुबाब असे, तो पैलवानाच्या वाट्यालाही आला नसेल.

त्याला मी शेवटचा पाहिला तो पुण्याला जाताना. साप्ताहिक बंद पडून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी एका दैनिकात होतो. घाटात विजेची इंजिनं आली होती, पण मागे जादा इंजिन जोडायला गाडी कर्जतला थांबायची ती थांबतच होती. डब्याच्या खिडकीतून पाहतो तो फलाटावर जानू. भुवया तशाच पांढऱ्या. आता तुसाची गरज राहिली नव्हती. गळ्यात पदक होतं, म्हणजे पाळी त्याची होती.

"सायब!" तो खिडकीशी आला. "बातमी हाय. घेता?"

"घेतो की. काय झालं?"

"पोरगा झाला. उशिरानं झाला, पन झाला. काल बारसं."

"नाव?"

"आता काय इचारता? हरी." तो हसला. "पैलवानाचा हरी पोहतो. धरनाचं पानी आरपार करतो. रिक्षावाल्याचा हरी घोडं पळवतो माथेरानला. बुवाचा हरी मुका हाय का काय, आसं वाटाय लागलं व्हतं, तर पेटी वाजवाय लागला. तिघांचंबी ठरलंय. ह्यो चौथा." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. अक्षर तेच. बारशाची बातमी होती, आलेली माणसं मोजलेली होती, आणि नाव होतं : हरी जानू ठोंबरे. पुढे डावा कंस, मग मोकळी जागा, मग उजवा कंस. टोकं गिरवलेली.

"आत काहीच नाही," मी म्हणालो.

"आत्ताच काय लिवू? रडन्याबिगर काय करत नाय अजून." मागून धक्का बसला, इंजिन जोडलं गेलं. जानू गाडीबरोबर चालू लागला. "पन जागा धरून ठेवा सायब. कंस मिटवू नका, कापू नका. न्हायतर त्याला उरलेला म्हनतील."

"छापतो," मी म्हणालो. "तसंच छापतो."

गाडीने वेग घेतला. जानू फलाटाच्या टोकापर्यंत पळत आला. पळणं पूर्वीइतकंच वाईट होतं. टोकाला तो थांबला, दोन्ही हात वर केले, डाव्या बोटांनी एक कंस काढला, उजव्या बोटांनी दुसरा, आणि मधे काहीही न बोलता ते तसेच धरून उभा राहिला. वळण येऊन स्टेशन दिसेनासं होईपर्यंत त्याने हात खाली घेतले नव्हते.